वर्गणीची वही आणि आगीचा बंब : बेंजामिन फ्रँकलिन

आदिलाबादेत राहणाऱ्याला कापसाची आग समजावून सांगावी लागत नाही. दसरा-दिवाळी उलटली की यार्डात गाड्यांची रांग लागते, जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग उभे राहतात आणि त्या दिवसांत कुणी बिडी पेटवली तरी चार माणसे वळून बघतात. कापसाची आग फसवी. वरून विझली असे वाटते, पण गाठीच्या पोटात विस्तव तसाच धुमसत असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली, तेव्हा त्या जहाजातही स्फोटकांच्या जोडीला कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

गणपतीच्या स्मरणिकेत ही आठवण काढायला एक निमित्त घडले. यंदाच्या वर्गणीच्या बैठकीत कुणीतरी सुचवले की मंडपात कापड, थर्माकोल, दिव्यांच्या माळा आणि आरतीची निरांजने एकत्र असतात, तेव्हा शिलकीतून दोन अग्निशामक नळकांडी आणि वाळूच्या बादल्या घ्याव्यात. लगेच दुसऱ्या बाजूने आवाज आला, वर्गणी देवाची आहे, ती नळकांड्यांवर कशी खर्च करायची? चहा दोनदा झाला, रात्रीचे अकरा वाजले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीची ओळख देण्याची आपली पद्धत आहे. सहसा ती व्यक्ती महाराष्ट्रातली असते. या वेळी आम्ही जरा लांब गेलो, कारण आपल्या बैठकीतला वाद जवळजवळ जसाच्या तसा पावणेतीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात झाला होता, आणि त्या बैठकीत बेंजामिन फ्रँकलिन हजर होते.

फ्रँकलिन म्हटले की आपल्याला पतंग, किल्ली आणि वीज आठवते, शाळेच्या पुस्तकात तेवढेच होते. त्यांचा वर्गणीचा उद्योग मात्र फारसा कुणी सांगत नाही.

१७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन गावात बेंजामिनचा जन्म झाला. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण करून विकत. सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षे झाली, मग दहाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली चरबी वितळवण्याचे आणि वाती कापण्याचे काम. १७११ साली बोस्टनमध्ये मोठी आग लागून गावाचा मध्यभाग जळाला, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. लाकडी घरे, उघड्या चुली आणि घरात चरबीच्या कढया, म्हणजे विस्तवाशी ओळख लहानपणीच झाली.

मेणबत्त्यांत मन रमेना, म्हणून बाराव्या वर्षी त्याला थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात उमेदवारीला बसवले. तिथे तो खिळे जुळवायला शिकला आणि रात्री उसन्या आणलेल्या पुस्तकांवर लिहायलाही शिकला. सोळाव्या वर्षी एका विधवा बाईच्या नावाने लेख लिहून तो छापखान्याच्या दाराखालून गुपचूप सरकवायचा आणि भाऊ ते कौतुकाने छापायचा. खरे कळल्यावर कौतुक संपले. भावाचा हात सैल होता. १७२३ साली सतरा वर्षांचा बेंजामिन पळाला आणि न्यूयॉर्कमार्गे फिलाडेल्फियाला पोचला. खिशात थोडी चिल्लर होती. तीन पेन्यांचे पाव मागितले तर तीन भलेमोठे पाव हातात पडले. दोन काखेत आणि तिसरा खात तो रस्त्याने निघाला. दारात उभी असलेली एक मुलगी ते ध्यान बघून हसली. तिचे नाव डेबोरा रीड. सात वर्षांनी, १७३० मध्ये, त्यांचा संसार सुरू झाला.

मधली दोन वर्षे लंडनमध्ये गेली. परत आल्यावर १७२७ साली त्यांनी ओळखीतल्या तरुण कारागिरांची एक मंडळी जमवली. दर शुक्रवारी संध्याकाळी बसायचे, कुणी निबंध वाचायचा, कुणी प्रश्न टाकायचा. कुणी काचा बसवणारा, कुणी चांभार, कुणी सुतार, कुणी मोजणीदार. या मंडळीला ‘जंटो’ म्हणत. पुढे फ्रँकलिन यांनी गावासाठी जे जे केले, त्यातले बरेच आधी या शुक्रवारच्या बैठकीत बोलले गेले होते. पहिले मोठे काम ग्रंथालयाचे. १७३१ साली ५० सभासद, प्रत्येकी ४० शिलिंग प्रवेशमूल्य आणि वर्षाला १० शिलिंग वर्गणी, अशा हिशेबावर पुस्तके लंडनहून आली. घरोघर फिरताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ही कल्पना माझी आहे असे सांगितले की माणसे हात आखडता घेतात. म्हणून पुढे ते सांगू लागले की काही मित्रांचा हा विचार आहे, मी नुसता निरोप्या. वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या कुणालाही हे पटेल. पुढचे प्रत्येक काम त्यांनी याच रीतीने उभे केले.

आता आग. १७३० साली डेलावेअर नदीच्या धक्क्यावर आग लागली, गोदामे आणि जवळची घरे जळाली. त्या रात्री वारा पडलेला होता म्हणून गाव वाचले. त्यानंतर गावाने लंडनहून बंब आणि बादल्या मागवल्या. पण वस्तू आल्या म्हणजे बंदोबस्त झाला असे होत नाही. आग लागली की सगळे धावतात, सगळे ओरडतात, बादली कुणाच्या हातात आहे ते कुणाला माहीत नसते, आणि गर्दीत घरातले सामानही पळते. हे चित्र आपल्याकडेही नवे नाही.

फेब्रुवारी १७३५ मध्ये फ्रँकलिन यांनी आपल्याच वर्तमानपत्रात, ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये, एक पत्र छापले. लिहिणारा एक म्हातारा नागरिक असल्याचे सोंग होते, आणि लेखकाचे वय होते २९. पत्रातल्या सूचना अगदी घरगुती होत्या. निखारे एका खोलीतून दुसरीत उघड्या फावड्यावर नेऊ नका, झाकणाच्या भांड्यातून न्या, कारण जिन्यात पडलेली ठिणगी मध्यरात्री जागी होते. चुलीपुढची फरशी रुंद ठेवा. धुरांडी साफ करणाऱ्यांना परवाना द्या, आणि साफ केल्यावर काही दिवसांतच धुरांडे पेटले तर त्याला जबाबदार धरा. शेवटी बोस्टनचे उदाहरण. तिथे सभासद ठरलेले असतात, बंबावर कोण, आकड्यांवर कोण, हे आधीच ठरलेले असते.

पत्र लोकांनी वाचले, वाखाणले. प्रत्यक्ष काम उभे राहायला आणखी जवळजवळ दोन वर्षे लागली, आणि ते ज्या दिवसांत उभे राहिले ते दिवस फ्रँकलिन यांच्या घरात फार वाईट होते. २१ नोव्हेंबर १७३६ रोजी त्यांचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या रोगाने गेला. देवी टोचण्याची रीत तेव्हा नवी होती, लोक भीत. फ्रँकलिन स्वतः तिचे समर्थक होते, पण मुलगा दुसऱ्या आजारातून उठत होता म्हणून टोचणे लांबवले होते. गावात उलटीच अफवा उठली की टोचल्यामुळेच मूल गेले. दुसऱ्या कुणी मायबापाने त्या अफवेने आपल्या मुलाला टोचायचे टाळू नये, म्हणून या बापाने महिना-सव्वा महिन्यात वर्तमानपत्रात जाहीर खुलासा छापला. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली. म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही त्यांनी ती इतर आईबापांसाठी नोंदवून ठेवली.

मूल गेल्यानंतर सोळा दिवसांनी, ७ डिसेंबर १७३६ रोजी, ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतः कुठे जोडलेला नाही, म्हणून आम्हीही जोडत नाही. तारखा तेवढ्या शेजारी ठेवतो.

कंपनी म्हटल्यावर व्यापार डोळ्यांपुढे येतो, पण हे मंडळ होते. सभासद जास्तीत जास्त ३०. प्रत्येकाने ठराविक संख्येच्या कातडी बादल्या आणि सामान भरून बाहेर काढायला मजबूत पिशव्या व टोपल्या घरात कायम तयार ठेवायच्या. हाक आली की त्या घेऊन धावायचे. काहींनी पाणी द्यायचे, काहींनी सामान वाचवायचे, काहींनी ते चोरीला जाऊ नये म्हणून राखण करायची. पगार कुणालाच नाही. बोस्टनचे जुने मंडळ मुख्यतः आपल्या सभासदांची मालमत्ता वाचवण्यासाठी होते. इथे घर सभासदाचे आहे का, हे बघायचे नाही असे ठरले.

आमच्या मते खरी गंमत पुढच्या नियमात आहे. महिन्यातून एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र जमायचे, जेवायचे आणि आगीबद्दल बोलायचे. मागची आग कशी लागली, कुठे चुकले, कुणाची बादली फुटकी निघाली. जो येणार नाही त्याला दंड. या दंडाच्या पैशातून बंब, शिड्या, जळते छप्पर ओढून पाडायचे आकडे विकत घ्यायचे. म्हणजे बैठकीला येणाऱ्याने मंडळ जिवंत ठेवले आणि न येणाऱ्याने बंबाला पैसे दिले. गैरहजेरीवर इतका उपयोगी तोडगा आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही. (आपल्या मंडळाने तो स्वीकारला असता तर एव्हाना आपल्या दारात स्वतःचा बंब उभा असता, असे खजिनदारांचे मत आहे.)

मंडळ नावाजले तसे सभासद व्हायला लोक येऊ लागले. फ्रँकलिन यांनी संख्या वाढवली नाही. नव्यांना सांगितले, तुम्ही तुमचे वेगळे मंडळ काढा. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे अशी मंडळे निघाली आणि काही वर्षांत मालमत्ता असलेले बहुतेक गृहस्थ कोणत्या ना कोणत्या मंडळात होते. पन्नास वर्षांनी हिशेब मांडताना त्यांनी नोंदवले आहे की मंडळे झाल्यापासून शहरात एका वेळी एक-दोन घरांपेक्षा जास्त कधी जळाले नाही, आणि बहुधा घर अर्धे जळण्याआधीच आग विझली.

आता ती बैठक. १७४७ साल. इंग्लंडचे फ्रान्स आणि स्पेनशी युद्ध चालू होते, शत्रूची जहाजे डेलावेअर नदीच्या तोंडापर्यंत येऊन गेली होती आणि फिलाडेल्फियाला ना तट ना तोफ. कारण प्रांताच्या कारभारात क्वेकर पंथाचे वजन होते, आणि क्वेकर म्हणजे शस्त्राला हात न लावणारे लोक. फ्रँकलिन यांनी लोकांची स्वयंसेवक फौज उभी केली आणि नदीकाठी तोफा बसवायला पैसे हवेत म्हणून लॉटरी काढली. त्या लॉटरीची तिकिटे अग्निशमन मंडळाच्या शिलकीतून घ्यावीत असा ठराव आला. शिल्लक होती ६० पौंड.

आगीसाठी जमवलेला पैसा तोफेला द्यायचा का? मंडळाच्या तीस सभासदांपैकी बावीस क्वेकर होते. नियम असा की खर्चाचा ठराव एका बैठकीत मांडायचा आणि निर्णय पुढच्या बैठकीत घ्यायचा. ठरल्या दिवशी क्वेकर नसलेले आठही जण वेळेवर येऊन बसले. क्वेकरांपैकी एकटे जेम्स मॉरिस आले. त्यांनी ठरावाला कडाडून विरोध केला. आमचे सगळे लोक विरोधात आहेत, असल्या ठरावाने मंडळ फुटेल, असे त्यांचे म्हणणे. मतदानाची वेळ झाली तेव्हा त्यांनी विनंती केली, आमची माणसे येत आहेत, थोडे थांबा.

तेवढ्यात वाढप्याने वर येऊन सांगितले की खाली दोन गृहस्थ फ्रँकलिनना भेटू इच्छितात. ते दोघे मंडळाचेच क्वेकर सभासद. त्यांनी हळूच सांगितले की आम्ही आठ जण शेजारच्या खानावळीत बसून आहोत. गरज पडली तर येऊन ठरावाच्या बाजूने मत देऊ. पण शक्यतो बोलावू नका, उघड मत दिले तर पंथातल्या वडीलधाऱ्यांशी वाकडे येईल. फ्रँकलिन निश्चिंत होऊन वर गेले आणि थोडे आढेवेढे घेतल्यासारखे करून मॉरिसना चांगला एक तास दिला. मॉरिसनीही ही वागणूक सरळ असल्याचे कबूल केले. तास संपला. विरोध करणारा दुसरा एकही माणूस आला नाही. ठराव आठ विरुद्ध एक असा मंजूर झाला. म्हणजे बावीसांतले आठ मनाने ठरावाच्या बाजूने होते, तेरा घरी बसले आणि खरा विरोधक एकच निघाला.

ही हकिगत फ्रँकलिन चवीने सांगतात. ठराव नापास होईल अशी धास्ती असताना त्यांनी एका मित्राजवळ दुसरी युक्तीही बोलून ठेवली होती. ठरावात फक्त आगीचे यंत्र खरेदी करू असे घालायचे, मग क्वेकरांची हरकत उरणार नाही, आणि नंतर तोफ घ्यायची, कारण आग ओकणारे यंत्र तेही! हे वाचून आम्हाला हसू आले, तरी आमचे मन मॉरिसकडेच जाते. वर्गणी ज्या कामाला मागितली त्या कामाला ती लागावी, हे त्यांचे म्हणणे साधे होते. एकटा माणूस, ठरल्या वेळी हजर, शेवटपर्यंत बसून आपले मत नोंदवून गेला. बाकीच्या तेरांनी हरकत घेतली असेल तर ती घरच्या ओसरीवर. मंडळ मात्र फुटले नाही.

पुढचे वेगाने सांगतो. १७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, छापखान्याचा कारभार भागीदाराकडे देऊन ते मोकळे झाले. १७५१ साली रुग्णालयासाठी त्यांनी प्रांताच्या विधिमंडळाकडून असा ठराव करून घेतला की लोकांनी २,००० पौंड जमवले तर सरकार तेवढेच घालील. लोकांना वाटले आपला एक पौंड दोन होतो, आणि वर्गणी भराभर जमली. जुळवणी अनुदान म्हणून आज जे ओळखतात, त्याचा हा फार जुना नमुना. १७५२ साली विजेचा प्रयोग झाला. त्यातून निघालेला विजेचा दांडा हाही एका अर्थी आगीचाच बंदोबस्त. त्याच वर्षी अग्निशमन मंडळांच्या बैठकांतून आगीच्या विम्याची परस्पर संस्था निघाली. घरावर बिल्ला लावायचा, त्यावर एकमेकांची मनगटे धरलेले चार हात. आपण लहानपणी सिंहासन करून पोरांना उचलायचो, तशीच ती पकड. ती संस्था आजही चालू आहे. पुढे लंडनमधली लांब वर्षे, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, फ्रान्समधली वकिली, १७८७ ची राज्यघटना. या सगळ्यात डेबोरा मागे राहिल्या. १७७४ साली त्या वारल्या, तेव्हा नवऱ्याचे तोंड पाहून दहा वर्षे झाली होती. गावासाठी इतका झटणारा माणूस घरी येऊ शकला नाही, हे चरित्रातून पुसता येत नाही.

आणखी एक गोष्ट पुसता येत नाही. फ्रँकलिन यांच्या घरी गुलाम होते आणि त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापल्या जात. मत बदलायला त्यांना आयुष्य लागले. १७८७ साली ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि मृत्यूच्या दोन महिने आधी त्यांच्या सहीने काँग्रेसकडे गुलामगिरी संपवण्याचा अर्ज गेला. अग्निशमन मंडळांच्या दाराशी मात्र भेद उभाच होता. १८१८ साली फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी स्वतःचे मंडळ काढू पाहिले, तर जुन्या मंडळांनी ते होऊ दिले नाही. पाण्याच्या रांगेत माणूस हवा, पण जेवणाच्या पंगतीत नको, हा प्रकार आपल्या देशातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. पुढे मंडळांत चढाओढ इतकी वाढली की आग बाजूला आणि मारामारी आधी. शेवटी १८७१ साली शहराने पगारी दल उभे केले.

लहान गावांत मात्र ती रीत टिकली. अमेरिकेत आजही निम्म्याहून अधिक अग्निशामक बिनपगारी स्वयंसेवक आहेत. बंब एका बाजूला, शेजारी मोठे सभागृह, त्यात गावची लग्ने, वाढदिवस, मयतीनंतरची जेवणे. नळ्या आणि हेल्मेटसाठी पैसे जमवायला सोडती, जत्रा आणि रविवारी सकाळच्या धिरड्यांच्या पंगती होतात. आता तरुण गाव सोडून कामाला जातात, बंबाची किंमत परवडत नाही आणि हाकेला धावणारे केस पांढरे झालेले असतात, ही तिकडची रड. मंडपाचे खांब उभे करताना आपल्यालाही कोण मिळते ते आठवावे.

१९५६ साली किनवट नांदेडकडे गेले, राजुराही आधी नांदेडकडे आणि १९५९ साली चांद्याकडे गेले आणि आपण पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. तेव्हापासून आपल्या घरांना एकत्र बांधणारी वस्तू म्हणजे हा उत्सव आणि ही वर्गणीची वही. तिच्यात आज तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांचीही नावे आहेत. मंडप त्यांच्याही भिंतींना लागून असतो.

१७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी, फ्रँकलिन वारले. अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक होते. मृत्युपत्रात त्यांनी बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन्ही शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले होते. होतकरू तरुण कारागिरांना पाच टक्के व्याजाने कर्ज द्यायचे, वसूल करायचे, पुन्हा द्यायचे, असे २०० वर्षे. १९९० साली मुदत संपली तेव्हा दोन्ही शहरांची मिळून लाखो डॉलरची रक्कम हिशेबात निघाली.

आत्मचरित्राचा अग्निशमन मंडळाविषयीचा भाग लिहिताना ते ऐंशीच्या पुढे होते. मंडळ तेव्हाही चालू होते. पहिल्या सभासदांपैकी स्वतः ते आणि त्यांच्याहून एक वर्षाने मोठे असे दुसरे एक गृहस्थ, एवढेच दोघे उरले होते. गैरहजेरीचा दंड अजून वसूल होत होता आणि त्यातून शिड्या घेतल्या जात होत्या, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

नळकांड्यांच्या ठरावावरची आपली बैठक प्रतिष्ठापनेच्या आधीच्या रविवारी आहे. विरोध असणाऱ्यांनी तर जरूर यावे.